हाताजोगते पिस्तूल

खंडेनवमीच्या दिवशी घरातील शस्त्र पाटावर मांडून त्यास गंधफूल वाहण्याची आपली चाल जुनी आहे. ज्यांच्या घरी तलवार नाही, ते कोयता, विळी, करवत, लेखणी असे जे रोजच्या हातातले असेल ते मांडतात. आज ज्या शस्त्राविषयी लिहावयाचे आम्ही योजिले आहे, ते ह्या पाटावर क्वचितच दिसेल. ते म्हणजे निशाणाच्या सरावाचे लहान रिमफायर पिस्तूल. ते निवडावे कसे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा वाटतो. तथापि त्याचे उत्तर इतिहासात आहे, व त्या इतिहासात दोन माणसे अशी आहेत की, त्यांची ओळख वाचकांस करून दिल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

प्रथम नावाचा उलगडा करू. ह्या काडतुसाच्या पितळी बुडाला बाहेर आलेला एक पोकळ काठ असतो व त्यात आघाताने पेटणारे द्रव्य भरलेले असते. पिस्तुलाची खीळ त्या काठावर आपटली की द्रव्य पेटते आणि गोळी सुटते. काठास इंग्रजीत रिम म्हणतात, म्हणून हे रिमफायर. १८४५ साली पॅरिसच्या फ्लोबेर नामक कारागिराने अशा जातीचे अगदी लहान काडतूस केले. त्यात दारू नव्हतीच. केवळ पेटत्या द्रव्याच्या जोरावर इवलीशी गोळी सुटे. दिवाणखान्यात बसून निशाण साधावे, एवढाच त्याचा हेतू होता. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी त्याच कल्पनेवर .२२ शॉर्ट हे काडतूस व त्याचे छोटे रिव्हॉल्व्हर काढले. पुढे १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीचे .२२ लाँग रायफल आले. नाव रायफलचे असले, तरी आजची बहुतेक सरावाची पिस्तुले ह्याच काडतुसावर चालतात. त्याची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते.

ह्या रचनेत एक उणीव आहे. खिळीच्या आघाताने काठ चेपला जावा, म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. आणि पातळ पितळ मोठा दाब सोसत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात स्पेन्सर व हेन्री यांच्या बंदुकांतून मोठी रिमफायर काडतुसे वापरली गेली खरी, परंतु एकोणिसावे शतक सरता सरता सैन्यांनी त्यांचा त्याग केला आणि बुडाच्या मध्यभागी आघात घेणारी सेंटरफायर काडतुसे पत्करली. लहान .२२ मात्र टिकले. ते स्वस्त होते, त्याचा आवाज थोडा होता, आणि गोळी सुटताना हातास बसणारा धक्का नाममात्र होता. सैनिकास जे अपुरे पडले, ते शिकणाऱ्यास पुरले.

ह्याच गुणावर सरावाच्या पिस्तुलांचा वंश वाढला. १९१५ साली कोल्ट कंपनीने जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवरून .२२ चे स्वयंभर पिस्तूल काढले. तेच पुढे ‘वुड्समन’ म्हणून नावारूपास आले. जर्मनीत वाल्थर कंपनीने ‘ऑलिंपिया’ घडविले व १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकात जलद नेमबाजीची पहिली दोन पदके जर्मन नेमबाजांनी मिळविली.

त्याच बर्लिनला जाण्याची आस धरून बसलेला एक हंगेरियन नेमबाज घरी राहिला होता. कारोय टाकाच हे त्याचे नाव. नेम उत्तम, परंतु सैन्यातील हुद्दा सार्जंटचा. आणि संघात अधिकाऱ्यांखेरीज कोणास घ्यावयाचे नाही, असा तेव्हाचा दंडक. पुढे तो दंडक उठला. इतक्यात १९३८ साली लष्करी सरावाच्या वेळी सदोष हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमाचाच हात, निकामी झाला. महिनाभर तो रुग्णालयात होता. बाहेर आल्यावर त्याने कोणास न सांगता डाव्या हाताने सराव आरंभिला. १९३९ च्या वसंतात हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो उभा राहिला, तेव्हा तो केवळ पाहावयास आला असावा असा सोबत्यांचा समज झाला. ती स्पर्धा त्याने जिंकली.

महायुद्धामुळे १९४० व १९४४ ही दोन्ही ऑलिंपिके बुडाली. १९४८ साली लंडनला टाकाच अडतीस वर्षांचा होता. पंचवीस मीटरांवर पाच निशाणे. पाच गोळ्यांस प्रथम आठ सेकंद, मग सहा, मग चार. अशा साठ गोळ्यांत ६०० पैकी ५८० गुणांचा विश्वविक्रम करून त्याने सुवर्णपदक घेतले. १९५२ साली हेलसिंकीत तेच पदक त्याने पुन्हा जिंकले. तेथे दुसऱ्या क्रमांकाशी अंतर अवघ्या एका गुणाचे होते. उजव्याइतकाच डावा हात चालविणाऱ्या अर्जुनास आपण सव्यसाची म्हणतो. परंतु टाकाचची कथा आम्हांस एकलव्याच्या अधिक जवळची वाटते. अंगठा गेल्यावर एकलव्याने बोटांनी बाण सोडले खरे, पण पूर्वीचे लाघव त्यास परत मिळाले नाही, असे महाभारत सांगते. टाकाचास ते मिळाले.

दुसरा मनुष्य रशियातील. मिखाईल मार्गोलिन यांची दृष्टी १९२४ साली, ऐन अठराव्या वर्षी, डोक्यास झालेल्या जखमेने गेली. त्यांनी शस्त्ररचनेचा व्यवसाय धरला. कागदावरची आकृती दिसत नाही, म्हणून ते प्रत्येक भागाचा नमुना मऊ पदार्थात हातांनी घडवीत व बोटांनी तपाशीत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे .२२ चे पिस्तूल कारखान्यातून बाहेर पडू लागले आणि सोव्हिएत नेमबाजांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. त्यातील एक युक्ती पाहण्याजोगी आहे. नेम धरण्याची मागची खाच त्यांनी पुढेमागे सरकणाऱ्या भागावर न बसविता स्थिर सांगाड्यावर कमानीसारखी उभी केली. सरकता भाग तिच्याखालून जातो, खाच हलत नाही. ज्यास स्वतः डोळ्यांनी नेम धरणे शक्य उरले नव्हते, त्याच्या हातून दुसऱ्यांच्या नेमाची ही सोय झाली.

आता निवडीकडे वळू. वरील इतिहासातून आम्ही एवढेच घेतो की, पिस्तूल हातास जुळले पाहिजे; बाकीचे गुण त्यानंतरचे. ह्याची परीक्षा सोपी आहे. रिकामे पिस्तूल मुठीत धरून निशाणाकडे तोंड करावे, डोळे मिटावे, हात उचलावा, मग डोळे उघडावे. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली, तर मूठ आपली. ती दर वेळी एकीकडेच कलत असेल, तर मूठ बदलावी किंवा कोरून घ्यावी. डावखुऱ्याने उजव्या हाताची कोरीव मूठ घेऊच नये.

दुसरी गोष्ट चापाची. आंतरराष्ट्रीय नियमांनी पंचवीस मीटरांच्या स्पर्धेत चापाचा ताण निदान १००० ग्रॅम व पिस्तुलाचे वजन फार तर १४०० ग्रॅम ठरविले आहे. नवशिक्याने सराव ह्या मापानेच करावा. पूर्वी जलद नेमबाजीत .२२ शॉर्टची अतिशय हलक्या चापाची पिस्तुले चालत. २००५ पासून तेथेही लाँग रायफल व १००० ग्रॅमचा चाप आला. म्हणून जुने, दिसावयास सुबक असे शॉर्टचे पिस्तूल मोहाने घेणाऱ्यास स्पर्धेत त्याचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट काडतुसांची. एका नळीस एका कारखान्याची काडतुसे मानवतात, तर दुसरीस दुसऱ्याची. दोन-चार प्रकारची थोडी थोडी झाडून, कोणत्या गोळ्या एके ठिकाणी जमतात ते पाहावे. आणि रिकामा चाप ओढण्याची सवय बेताने ठेवावी, कारण काठावर आपटणाऱ्या खिळीस काडतूस न मिळाल्यास ती नळीच्या तोंडाच्या कडेवर आदळून कड चेपू शकते. अशा सरावास खोटे काडतूस घालावे, अथवा निर्मात्याची मुभा आहे की नाही ते पाहावे.

भारतात हे पिस्तूल अग्निशस्त्र गणले जाते व १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्यावाचून बाळगता येत नाही. म्हणून आरंभ नेमबाजी संघाच्या मैदानावर, जाणत्याच्या देखरेखीखाली, संघाच्याच पिस्तुलाने करावा. चार निरनिराळ्या मुठी हातांतून गेल्या म्हणजे आपल्या हाताची ओळख पटते. हा मार्ग आपल्या मुलुखास परका नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले; त्या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

येत्या खंडेनवमीस असे एखादे पिस्तूल कोणाच्या पाटावर आलेच, तर गंधफूल वाहण्यापूर्वी त्याची नळी व खजिना दोन वेळा उघडून, रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी. नेमबाजांच्या शिस्तीतील तो पहिला संस्कार आहे.