शहर-ए-नाव : थाई मालिकेतले चेहरे आणि पडद्याबाहेर राहिलेले मुसलमान

2018 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात थायलंडच्या चॅनल 3 वर एक मालिका चालली : 'बुप्फेसन्निवात'. नाव परके वाटते, पण मूळ पाली आहे, 'पुब्बेसन्निवास', म्हणजे पूर्वजन्मीचा सहवास. रोम्पेंग या लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली ही अवघ्या पंधरा भागांची मालिका. पण तिने देशाला वेड लावले. लोक जुन्या पद्धतीचा पोशाख करून अयुथ्थयाच्या वाट चायवत्थनाराम या पडक्या मंदिरात फोटो काढायला जाऊ लागले. 'ओ चाव' हे 'तू' या अर्थाचे जुने संबोधन तरुणांच्या तोंडी पुन्हा आले. इतिहासाच्या पुस्तकांना न जमलेले काम नटनट्यांनी करून दाखवले. म्हणून आधी त्यांच्या अदाकारीबद्दल बोलू आणि मग त्या इतिहासाबद्दल.

कथा साधी आहे. केतसुरांग ही आजच्या काळातली, पुरातत्त्वाची आवड असलेली जाडजूड, हसरी मुलगी अपघातात मरते आणि तिचा आत्मा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारकेत या सरदार घराण्यातल्या मुलीच्या शरीरात शिरतो. कारकेत सुंदर आहे, पण दुष्ट. तिच्या हातून एकाचा जीव गेला आहे आणि 'कृष्ण-काली' नावाच्या मंत्राने तिला शिक्षा झाली आहे. या दोन्ही भूमिका राणी कॅम्पेन ऊर्फ बेला हिने केल्या. तिचे खरे बळ कारकेतच्या क्रूरपणात नाही. शरीर कारकेतचे आणि आत्मा केतसुरांगचा, हा तिसरा माणूस तिने उभा केला, तिथे ते दिसते. मान ताठ ठेवून बसायचे, हळू चालायचे, हे तिला दासी शिकवतात. ती दोन पावले नीट टाकते आणि तिसऱ्याला आजची मुलगी बाहेर येते. विनोदासाठी ती तोंड वेडेवाकडे करत नाही. संवाद क्षणभर अडखळतो आणि हशा पिकतो.

तिच्यासमोर थनावत वत्थनापुती ऊर्फ पोप. त्याचा देत हा सरळमार्गी, रागीट तरुण. वाग्दत्त वधूचा त्याला तिरस्कार आहे आणि ती अचानक का बदलली हे त्याला कळत नाही. पोप आवाज चढवत नाही. संशय, मग कुतूहल, मग माया, हा प्रवास तो डोळ्यांनी करतो. बेला धावते आणि पोप थांबतो, म्हणून जोडी जमते.

थाई मालिकेला 'लखोन' म्हणतात. हाच शब्द जुन्या नृत्यनाट्यालाही आहे. नायक-नायिकेला आजही 'फ्रा एक' आणि 'नांग एक' म्हणतात, ती नावेही त्याच रंगमंचावरून आली. तिथे भावना ठळक दाखवायची रीत आहे. खलनायिकेने किंचाळायचे, नायिकेने सोसायचे, हा ठरलेला साचा. या मालिकेत दुष्ट स्त्री आणि नायिका एकाच देहात आहेत. त्यामुळे साचा मोडतो आणि अभिनयाला जागा मिळते.

आता इतिहास. मालिका राजा नाराय याच्या काळातली आहे, 1656 ते 1688. म्हणजे इकडे शिवाजी महाराज आणि औरंगजेब यांचा काळ. फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडे गेलेली सयामी वकिलात, कॉन्स्टंटाईन फॉल्कन हा दरबारात चढत गेलेला ग्रीक साहसी माणूस आणि जपानी-पोर्तुगीज वंशाची त्याची पत्नी मारिया ग्योमार द पिन्या, ही सगळी खरी माणसे. लुई स्कॉटने फॉल्कन गोड बोलणारा आणि आतून भुकेला असा रंगवला. सुसीरा नैन्नाने मारियाचे दुःख फार संयमाने दाखवले. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या थाई मिठाया याच मारियाच्या नावावर सांगितल्या जातात. मालिकेनंतर ती घराघरांत पोचली.

पण अयुथ्थयाचे परदेशी म्हणजे फक्त फ्रेंच, ग्रीक आणि पोर्तुगीज नव्हते. फॉल्कनच्या आधी त्या दरबारात वजन होते इराणी मुसलमानांचे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कुम शहरातून आलेला व्यापारी शेख अहमद तिथे स्थिरावला. हिंदी महासागराकडचा व्यापार पाहणारे खाते त्याच्याकडे आले. 'चुलाराजमोन्त्री' या पदावरचा तो पहिला माणूस मानला जातो. नारायला गादी मिळवून देण्यात इराण्यांचा हात होता. पुढे आका मुहम्मद अस्तराबादी नावाचा इराणी राजाचा विश्वासू बनला आणि हिंदुस्थानातून इराणी वंशाचे सैनिक राजाच्या संरक्षणासाठी नेण्यात आले. गोवळकोंड्याच्या मछलीपट्टण बंदरातून मेर्गुईकडे जहाजे जात. दख्खनचे कापड आणि दख्खनी मुसलमान दोघेही त्या वाटेने गेले.

याचा एक उत्तम फारसी साक्षीदार आहे, 'सफीना-ए-सुलैमानी'. शाह सुलैमान सफवीने 1685 मध्ये सयामला वकील पाठवले. त्यांच्या लेखनिकाने, मुहम्मद रबी याने, हा वृत्तांत लिहिला. मुख्य वकील दरबारात पोचण्याआधीच वारला. बाकीचे पोचले तोवर इराण्यांचे दिवस सरले होते आणि फॉल्कनचे आले होते. मुहम्मद रबी फॉल्कनवर दात खाऊन लिहितो, आणि सयामी लोकांच्या चालीरीतींची टिंगलही करतो. आपला म्हणून त्याला झुकते माप देण्याचे कारण नाही. तोही एका बाजूचा माणूस होता.

फारसीत अयुथ्थयाला 'शहर-ए-नाव' म्हणत. कोणी त्याचा अर्थ 'नवे शहर' लावतो, कोणी कालव्यांमुळे 'नावांचे शहर'. आपल्या उर्दूला आणि मराठीला दोन्ही अर्थ कळतात! थाई भाषेत गुलाबाला 'कुलाप' म्हणतात, द्राक्षाला 'अंगुन' आणि गोऱ्या माणसाला 'फरांग'. म्हणजे आपला फिरंगीच. 'मस्समन' नावाची रस्सेदार भाजी जगभर मिळते, तिच्या नावात 'मुसलमान' लपला आहे. जिभेवर हे सगळे टिकले, पडद्यावर मात्र नाही. मालिकेच्या मुख्य पात्रांत एकही इराणी मुसलमान नाही.

हा मुद्दाम केलेला अन्याय आहे, असे मी म्हणणार नाही. प्रेमकथेला मोजकीच पात्रे पेलतात. फॉल्कनची गोष्ट नाट्यपूर्ण आहे : 1688 च्या जूनमध्ये त्याचा वध झाला, पुढच्या महिन्यात राजा वारला आणि फेत्राचाने गादी घेतली. लेखकाला याहून काय हवे? शिवाय शेख अहमदचे कूळ संपलेही नाही. त्याचीच एक शाखा बौद्ध झाली आणि बुन्नाग या नावाने देशातले बलाढ्य घराणे बनली. 1868 ते 1873 या काळात बाल राजा चुलालोंगकोर्नचा कारभार पाहणारा सी सुरियावोंग याच घराण्यातला. चुलाराजमोन्त्री हे पद आजही थायलंडच्या मुसलमानांच्या प्रमुखाचे आहे. ते शिया घराण्यांकडे होते, 1945 मध्ये प्रथमच सुन्नी माणसाकडे गेले. शेख अहमदची कबर अयुथ्थयाच्या राजभट विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि हे विद्यापीठ पूर्वी शिक्षक घडवणारे महाविद्यालय होते.

तरीही प्रश्न उरतो. चांगला नट इतिहासाला चेहरा देतो आणि मग तोच चेहरा इतिहास होऊन बसतो. थाई मुलांना फॉल्कन म्हटले की लुई स्कॉट आठवेल, मारिया म्हटले की सुसीरा. शेख अहमद म्हटले की कोण आठवेल? ज्याला नट मिळाला नाही, तो लोकांच्या आठवणीतून हळूहळू गळतो. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांतही मुसलमान कधी कधी चेहरा मिळवतो, पण तो बहुधा सुरमा घातलेला, मांसावर तुटून पडणारा असतो. मुत्सद्दी, हिशेबनीस, बंदर सांभाळणारा, दोन भाषांमध्ये पूल बांधणारा मुसलमान क्वचितच दिसतो.

तक्रार करून हे बदलणार नाही. बेलाने दुष्ट कारकेतच्या देहात एक भला माणूस दाखवला आणि प्रेक्षकांनी तो मानला. म्हणजे प्रेक्षक साचा मोडायला तयार असतो, त्याला तशी गोष्ट मात्र कोणीतरी लिहून द्यावी लागते. रोम्पेंगने ती लिहिली, म्हणून मारियाला चेहरा मिळाला. शहर-ए-नावच्या बंदरावर उभ्या असलेल्या शेख अहमदची गोष्ट अजून लिहायची बाकी आहे. ती थाईत लिहिली जाईल तेव्हा जाईल. मछलीपट्टणहून निघालेल्या जहाजावरच्या दख्खनी माणसाची गोष्ट मराठीत आणि उर्दूत लिहायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.