एक बीप, आणि अंधार

जुना लॅपटॉप चालू करावा, कंपनीचं बोधचिन्ह उमटावं, पंखा घरघरावा आणि विंडोज उघडण्याआधीच पडदा काळा व्हावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीवाल्यासमोर असं यंत्र ठेवलं की तो आधी विचारतो, "किती सेकंदांनी बंद पडतो?" ब्रँड कुठला, किंमत किती, हे नंतर.

आपलं आपण बंद पडण्याची ही विद्या संगणकाला जन्मतः येत नव्हती. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा चालू होताच स्वतःची तपासणी करण्याचा शिरस्ता त्याच्यात होता. एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. आवाजच आला नाही, तर संशय वीजपुरवठ्यावर. दोष सापडला, तर यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवून ढिम्म उभं राही. वीज तोडणं त्याच्या हातात नव्हतंच, ते काम बाजूच्या मोठ्या लाल खटक्याचं, म्हणजे मालकाच्या बोटाचं. 'आता संगणक बंद करायला हरकत नाही', असं नारिंगी अक्षरांत सांगून हात जोडून बसणारा विंडोज ९५ अनेकांना आठवत असेल. बटण तरीही आपणच दाबायचं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याचा आराखडा आणला, पुढच्या वर्षी एसीपीआय हे वीज-व्यवस्थापनाचं मानक आलं आणि टेबलावरच्या संगणकालाही स्वतःची वीज तोडता येऊ लागली.

हा अधिकार वापरण्याची गरज उष्णतेमुळे वाढली. पहिल्या पीसीतल्या ८०८८ चिपला पंखा सोडा, धातूचा साधा तुकडाही लागत नसे. वीस वर्षांनी चित्र पार पालटलं. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाच्या मंडळींनी खेळ चालू असलेल्या संगणकातल्या चिपवरचा, उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंकच उपटला आणि त्याचं चित्रीकरण केलं. एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. पेंटियम ३ जागीच थबकला. पेंटियम ४ मात्र वेग उतरवून खेळ रेटत राहिला. उष्णतेवरचा पहारेकरी कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, हे जगाने डोळ्यांनी पाहिलं.

लॅपटॉपमध्ये तर हवेला जागाच बोटभर. चिप आणि तांब्याची नळी यांच्यामधली पेस्ट वाळते, जाळीत धुळीचा नमदा बसतो आणि चालू होताच तापमान चढतं. शंभर अंशांच्या आसपास चिप वेग आवरते. पारा त्याहून चढला, तर वीज तोडते.

दुसरं दुखणं शिशाचं. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध घातले. सुटे भाग जोडायचं नवं बिनशिशाचं सोल्डर जास्त कडक, आणि तापणं-निवणं सोसताना त्याला तडे जाण्याची भीती. त्याच सुमारास चिपच्या पोटातले सांधेही दगा देऊ लागले. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष ग्राफिक्स चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. मग कारागिरांच्या टेबलांवर चिप उपटून सोल्डरचे नवे गोळे बसवण्याची, म्हणजे 'रिबॉलिंग'ची यंत्रं आली. नुसती हॉट एअर मारून चिप 'जिवंत' करणारेही आले. तो जीव बहुधा काही आठवड्यांचाच.

लॅमिंग्टन रोडला असं बदलत्या यंत्रांशी जुळवून घेणं नवं नव्हतं. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव जिभेवर टिकवून ठेवलेला हा रस्ता, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या सुट्या भागांवर वाढला, मग टीव्हीवर, मग संगणकावर. मल्टीमीटर तेवढा तिन्ही काळांत हातात राहिला.

दुखणी अशी वेगवेगळी, म्हणूनच सेकंदांचा प्रश्न. दोन सेकंदांत बंद? बोर्डावर कुठेतरी शॉर्ट. अर्ध्या मिनिटाने? पंखा आणि पेस्ट. विंडोज चढताना, भार वाढल्यावर? थकलेली बॅटरी किंवा कमजोर अडॅप्टर. कारागीर बॅटरी काढतो, रॅमची एकच पट्टी ठेवतो, अडॅप्टर लावून बटण दाबतो आणि पंख्यावर कान ठेवून मनातल्या मनात मोजू लागतो.