भाड्याआधी जात

स्वस्त घराचा प्रश्न केवळ पैशांचा आहे, ही समजूत आम्हांस एकांगी वाटते. पूर्वी भाड्याआधी जात विचारली जाई. साताऱ्यास शाळा शिकलेले डॉ. आंबेडकर विलायतेहून परतून १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तरी तेथे त्यांस भाड्याने घर मिळेना. १९२४ साली भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींच्या गरीब मुलांस एका छपराखाली व एका पंक्तीस आणिले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास राजर्षी शाहूंचे नाव मिळाले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाड्यास मर्यादा घातली. घर कोणास नाकारू नये, याविषयी तो मूकच राहिला. साताऱ्यास वा सांगलीस आजही खोली शोधणाऱ्याचे आडनाव प्रथम विचारले गेले, तर वसतिगृहाचा तो धडा घरमालकांपर्यंत पोहोचलाच नाही, असे म्हणणे आम्हांस भाग आहे.