खुषीने सोडली

कुळाला शेतावरून काढायचं तर आमच्या पेणच्या खारपाटात पूर्वी कागद लागत नसे. खोताचा नाहीतर सावकाराचा माणूस बांधावर येऊन "उद्यापासून नांगर घालू नको" म्हणाला की संपलं. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली संप केला, तो १९३९ पर्यंत चालला, तेव्हा कुठं वारं बदललं. पुढं १९४८ च्या कुळकायद्यानं मामलेदाराच्या हुकमाशिवाय कुळाचा कबजा घ्यायला मालकाला मनाई केली. मग कागद सुरू झाले.

माझे वडील कुळांना अर्ज लिहून द्यायचे. पेणकडच्या एका प्रकरणात मालकाच्या कारकुनानं हिस्सा २ च्या जागी ३ लिहिला होता. चतुःसीमा मात्र बरोबर, पश्चिमेला खाडीचा बांध. कुळ खुशीत. "आता दावा उडाला!" वडील म्हणाले, "उडत नाय बाबा. तो दुरुस्तीचा अर्ज देईल, लाल शाईनं आकडा बदलेल, झालं." तसंच झालं. मला ते योग्यच वाटतं. लेखणीच्या चुकीनं दावे बुडू लागले तर आधी कुळंच बुडतील. त्यांच्या बापाचं नाव एका कागदात राघो, दुसऱ्यात राघू. म्हणून वडील सातबारा, पीकपाहणी, खंडाच्या पावत्या शेजारी शेजारी मांडायचे आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचायचे.

रोह्याकडच्या एका म्हातारीच्या कागदात आकडे सगळे बिनचूक होते. फक्त एक वाक्य, 'कुळाने जमीन खुषीने सोडली', आणि खाली अंगठा. याला दुरुस्तीचा अर्ज कोण देणार? मालकाच्या लेखी ती चूक नव्हतीच.

कलम १५ प्रमाणे कुळानं जमीन सोडली तर ते लेखी हवं, शिवाय मामलेदारानं त्याची खातरजमा करायला हवी. वडिलांनी विचारलं, "आजी, मामलेदारसाहेबांपुढं उभ्या होतात का?"

"नय रं बाला. पोरीचे लग्नाला पैसं दिलं, तवा आंगठा घेतला."

कैफियतीत वडिलांनी तेवढंच लिहिलं: अंगठा कर्जाचा, राजीनाम्याचा नव्हे, मामलेदारापुढे खातरजमा झालेली नाही. मालकाचा अर्ज फेटाळला गेला. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, ती कायद्यानं मालकीण ठरली. जमिनीच्या किमतीचे हप्ते मात्र तिची मुलं पुढं बरीच वर्षं भरत होती.