एका भुताच्या प्रेमात

तर मंडळी, गेल्या पितृपक्षात मी एका भुताच्या प्रेमात पडले. नवऱ्याला सांगितलं तर तो "बरं" म्हणाला आणि त्याने पेपरचं पान उलटलं. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर एवढंच होतं. असो.

भूत पुस्तकातलं आहे. पुस्तकाचं नाव 'सेमेटरी बॉइज', लेखक एडन थॉमस, प्रकाशन २०२०. अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी लिहितात त्या प्रकारची कादंबरी. मला ती पाठवली माझ्या भाच्याने.

आता भाच्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या धाकट्या बहिणीचं हे लेकरू कॅलिफोर्नियातच वाढलं. अठरा वर्षांचा होईपर्यंत आम्ही सगळे त्याला भाची म्हणत होतो. दोन वर्षांपूर्वी त्याने घरात सांगितलं की मी मुलगा आहे, नाव बदललंय, यापुढे ह्याच नावाने हाक मारा. (हे त्याला विचारूनच लिहितेय. "लिही, निम्म्या नातेवाइकांना एकेकदा सांगायचा मला कंटाळा आलाय" असं उत्तर आलं.)

मी स्वतःला बऱ्यापैकी सुधारलेली समजते. पण पहिल्याच फोनवर माझ्या तोंडून निघालं, "काय गं, जेवलीस का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग "हो, जेवलो." 'जेवलो'वर जराही जोर न देता. पुढच्या फोनला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या फोनला मी बोलणंच कमी केलं, म्हणजे चूक व्हायला नको. हे त्याच्या लक्षात आलं असणार. महिनाभराने पुस्तक आलं, आत चिठ्ठी: "मावशी, आधी हे वाच. मग बोलू."

गोष्ट अशी. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात एका स्मशानाच्या आवारात एक लॅटिनो कुटुंब राहतं. त्यांच्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या एक वरदान आहे. बायका जखमा आणि आजार बरे करतात, पुरुष अडकून पडलेल्या आत्म्यांना पुढे पाठवतात. वयात आलं की विधी होतो आणि ज्याची त्याची शक्ती जागी होते. यद्रिएल हा मुलगा जन्मला तेव्हा सगळ्यांनी त्याला मुलगी धरलं. आता घरचे त्याला पुरुषांचा विधी करू देत नाहीत. म्हणून तो मारित्झा नावाच्या बहिणीला हाताशी धरून चोरून विधी करतो. मिगेल नावाच्या भावाचा आत्मा शोधायला जातो आणि बोलावणं पोचतं भलत्यालाच. शाळेतला वांड मुलगा हूलियन, भूत होऊन समोर उभा! आणि हा काही केल्या जायला तयार नाही. आधी माझ्या मित्रांची काय खबर ते बघू, मग जाईन म्हणतो. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण भूत आणि त्याला वाटेला लावायला निघालेला मुलगा एकाच खोलीत राहायला लागले की काय होणार, हे तुम्ही ओळखलं असेलच.

मला गुंतवलं ते ह्या प्रेमकथेने. पण मी अडकले ती घरच्यांपाशी. यद्रिएलच्या घरचे वाईट नाहीत. त्याच्यावर जीव टाकतात, जेवू घालतात, आणि त्याच प्रेमाने चुकीचं बोलतात. त्याला नीट समजून घेणारी आई वर्षभरापूर्वी गेलेली. मी ती पानं वाचताना मध्येच उठून चहा करून आले.

पितृपक्ष चालू असल्याने मी आईला (वय ८१, कान तिखट) रोज दुपारी थोडी थोडी गोष्ट मराठीत सांगत होते. मेक्सिकन लोकांत नोव्हेंबरच्या एक-दोन तारखेला गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी फोटो, दिवे, आवडीचे पदार्थ मांडतात आणि झेंडूच्या फुलांची वाट करतात, हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की. कावळा शिवतो का त्यांच्यात?" मी म्हटलं, कावळ्याचं नाही काही लिहिलेलं. "मग कळतं कसं आले ते?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. झेंडू मात्र मूळचा मेक्सिकोचाच, हे सांगितल्यावर तिला पटेना. "दसऱ्याचा झेंडू परका कसा असेल?"

असं पुस्तक आभाळातून पडत नाही. जादू असलेली प्रेमकथा, तिचा नायक गोरा नाही, त्यात तो असा, आणि ती मोठ्या प्रकाशकाने छापलेली. हे कुठून आलं, म्हणून मी जरा मागे मागे जात राहिले.

१९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साप्ताहिकात एक लेख लिहिला. विषय होता मुलांच्या पुस्तकांतलं संपूर्ण गोरं जग. १९६२ ते ६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ पुस्तकांचा त्यांनी हिशेब लावला. एक तरी काळं पात्र असलेली पुस्तकं निघाली ३४९. शेकड्याला सातसुद्धा नाहीत. त्यांना हा विचार सुचला तो न्यूयॉर्कमधल्या पाच वर्षांच्या एका काळ्या मुलीमुळे. पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का, असं तिने विचारलं होतं.

तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आली. तिचा जादूगार नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा, त्याचा मित्र काळा. बाईंनी हे मुद्दाम केलं होतं. पण मुखपृष्ठांवर गेड वर्षानुवर्षं गोराच रंगवला गेला. २००४ मध्ये त्यावर दूरदर्शन मालिका झाली, त्यातही नायक गोरा. ले ग्विन यांनी त्यावर चिडून लेख लिहिला. म्हणजे शब्दांत सावळा माणूस लिहिला तरी बघणाऱ्याच्या डोळ्यांना तो दिसायला छत्तीस वर्षंही पुरली नाहीत.

प्रेमकथांची गोष्ट वेगळी नाही. डेल या प्रकाशनात व्हिव्हियन स्टीफन्स नावाच्या काळ्या संपादक होत्या. त्यांनी १९८० मध्ये 'एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज' ही कादंबरी काढली. काळ्या लेखिकेने लिहिलेली, काळ्या नायक-नायिकेची, मोठ्या प्रकाशकाची ही पहिली रोमान्स कादंबरी मानतात. १९८०! लेखिका एल्सी वॉशिंग्टन, टोपणनाव रोझलिंड वेल्स. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या प्राध्यापिकेने एक उपमा दिली, ती आता सगळीकडे सांगितली जाते. पुस्तक कधी खिडकी असतं, दुसऱ्याचं जग दाखवणारी. कधी सरकतं दार, ज्यातून त्या जगात जाता येतं. आणि कधी आरसा. ज्या मुलांना पुस्तकात स्वतःचा चेहरा दिसतच नाही, ती त्यातून स्वतःची किंमत काय ते शिकतात.

आमच्या भाच्यासारख्यांना आरसा मिळायला आणखी वेळ लागला. २००४ मध्ये ज्युली ॲन पीटर्स यांची 'लूना' आली. तिच्यात मुलगी असलेल्या पण जगाने मुलगा मानलेल्या व्यक्तीची गोष्ट आहे, पण ती सांगते तिची बहीण. आरसा होता, दुसऱ्याच्या हातात. २००९ मध्ये मलिंडा लो यांनी 'ॲश' लिहिली. सिंड्रेलाचीच गोष्ट, फक्त नायिकेचं मन राजपुत्राऐवजी एका शिकारी स्त्रीवर बसतं. २०१४ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पुस्तक-मेळ्याने बालसाहित्यिकांचं मंडळ जाहीर केलं, तर सगळे गोरे. तेव्हा ह्याच मलिंडा लो, एलन ओ आणि इतर लेखकांनी विविधतेची मागणी करणारी मोहीम उघडली. त्याच वर्षी मार्चमध्ये वॉल्टर डीन मायर्स या ज्येष्ठ लेखकाने आकडा मांडला होता: २०१३ मध्ये मुलांची ३,२०० पुस्तकं निघाली, काळ्या माणसांविषयीची ९३. म्हणजे पन्नास वर्षांत फार काही हललं नव्हतं.

तारखांकडे बघताना लक्षात आलं, त्याच वसंतात, १५ एप्रिल २०१४ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात निकाल दिला होता. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याने त्याने स्वतः ठरवायचं, असं सांगणारा. मला त्या दिवशीचं काहीच आठवत नाही. बातमी वाचली असेन आणि आपला काय संबंध म्हणून पान उलटलं असेन. भाचा तेव्हा लहान होता.

'सेमेटरी बॉइज' या सगळ्यानंतरची. पहिल्याच वर्षी ती अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या लांब यादीत होती. आणि २०२१ पासून तिथे शाळांच्या वाचनालयांतून असली पुस्तकं काढा, ही मागणीही जोरात सुरू झाली. आरसा लावायला साठ वर्षं, काढायला एक सभा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं खरं, पण भुतंखेतं कशाला? साधं घरगुती लिहावं की. त्याचं उत्तर मला आपल्याच कपाटात सापडलं.

मराठी कादंबरी जन्मली तीही बरीचशी अद्भुतरम्यच. १८६१ ची हळबे यांची 'मुक्तामाला', १८६८ ची नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. एम. ए. ला असताना आम्ही या पुस्तकांना भरपूर हसलो होतो. पुढे हरिभाऊ आपटे आले, १८८५ पासून 'मधली स्थिती' वगैरे, आणि कादंबरी शहाणी झाली, असं आम्हाला शिकवलं होतं. पण रिसबुडांची 'मंजुघोषा'ची प्रस्तावना आता पुन्हा वाचली. ते म्हणतात ते साधारण असं: आम्हा हिंदू लोकांत लग्नाच्या चाली आणि इतर कारणांमुळे आयुष्यात चटकदार असं काही घडतच नाही. रोजचं लिहायला जावं तर मनोरंजक काही उरत नाही. म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो.

वयाच्या बाविसाव्या वर्षी मला ही पळवाट वाटली होती. आता वाटतं, माणूस किती सरळ बोलून गेलाय. १८६८ मध्ये लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी लागत. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, आणि त्यानेही वय दहाचं बाराच केलं. अशा घरात प्रेमकथा घडणार कुठे? ती घडवायला गंधर्व, राजवाडे आणि चमत्कारच हवेत. जे प्रेम घरात बसत नाही, त्याला गोष्टीत दुसरं घर बांधून द्यावं लागतं. यद्रिएलसाठी ते स्मशानात बांधलंय, एवढाच फरक.

हे सगळं मी आईला सांगत होते. मग आमची गाडी भाषेवर आली. यद्रिएलच्या स्पॅनिशमध्ये नावं-विशेषणं स्त्री-पुरुष बघून बदलतात, म्हणून लेखकाने त्या समाजासाठी दोन्ही बाजूंना न झुकणारा एक शब्द वापरलाय. मी म्हटलं, आपल्याकडे तर आणखी कठीण. इंग्रजीत निदान 'मी'ला लिंग नाही. मराठीत साधं 'मी आलो' म्हटलं की माणसाने आपण कोण ते सांगून टाकलं. पोराला दिवसातून शंभरदा सांगावं लागतं आणि आपण शंभरदा चुकतो.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला कुठं लागत होतं?"

आमची आई कोल्हापूरची. तिकडे बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. लग्न होऊन ती पुण्याला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती पाहुण्यांसमोर "मी चहा आणतो" म्हणाली आणि सगळी बैठक हसली. त्यानंतर कितीतरी दिवस ती बोलायच्या आधी मनात वाक्य जुळवून घ्यायची. सासूबाईंनी एकदा विचारलं, "मुकी आहेस का गं?" हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. साठ वर्षं ती पुण्याचं 'येते-जाते' बोलतेय आणि मी समजत होते, ती तशीच बोलत असणार पहिल्यापासून.

"हसले की माणूस गप्प होतं," आई म्हणाली. "तू फोन कमी केलास ना त्याला? नको करू. चुकलीस तर चुकलीस. बोलत राहा."

रविवारी भाच्याचा फोन आला. मी पुस्तकाबद्दल बोलले, भूत आवडलं म्हटलं. तो इतका हसला की मला बरं वाटलं. बोलता बोलता दोनदा चुकले, दोनदा स्वतःच दुरुस्त केलं, तो "चालतंय मावशी" म्हणाला. मग आईने हात पुढे केला, फोन घेतला आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"काय रे, कधी येणारेस? झेंडू तुमच्याकडचा आहे म्हणे. खरं का?"

त्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. आई मात्र बराच वेळ "हं... हं..." करत होती. शेवटी म्हणाली, "बरं, ठेवतो आता."

मी तिच्याकडे बघितलं. ती चष्मा पुसत होती.