गैरहजेरीचे कारण : कामठीची विडी आणि शाळेची हजेरी

प्रार्थना संपते, मुले वर्गात येऊन बसतात आणि गुरुजी हजेरीची वही उघडतात. एकेक नाव पुकारले जाते, 'हजर' असे उत्तर येते. एखाद्या नावापाशी मात्र वर्ग गप्प होतो. मग मागच्या रांगेतून कोणीतरी सांगते, "गुरुजी, त्यानं दांडी मारली." रकान्यात एक अक्षर उमटते आणि पुढचे नाव पुकारले जाते.

'दांडी मारणे' या शब्दप्रयोगातच एक निदान दडलेले आहे. दांडी मारतो तो मुलगा. म्हणजे दोषही त्याचा आणि सुधारायचे तेही त्यालाच. पण नदीवर पोहायला पळालेला मुलगा आणि घरी धाकट्या भावंडाला सांभाळत कामाला हात लावणारी मुलगी या दोघांसाठी वहीत एकच खूण असते. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत सत्तेवर असलेल्यांनी या खुणेचा अर्थ कसकसा लावला आणि त्यावर काय उपाय केले, हे या लेखात पाहू या. त्यासाठी नागपूरपासून १५-१६ किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठी गावाची आपल्याला फार मदत होईल.

छडी आणि दंड

इंग्रजी अमदानीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत गैरहजेरीवर साधा उपाय होता. चार दांडगी मुले पाठवायची आणि पळपुट्याला हातपाय धरून उचलून आणायचे. आज आपण 'उचलबांगडी' हा शब्द अधिकाऱ्याच्या बदलीसाठी वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ असे उचलून नेणे हाच आहे. आणल्यावर छडी ठरलेली. मात्र ही शाळा मोजक्या घरांतल्या मुलांसाठी होती. जी मुले शाळेत कधी आलीच नाहीत त्यांची गैरहजेरी मांडण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आपल्याकडे स्पष्टपणे मांडला जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. मागासलेल्या जातींतील मुलांना शाळेची गोडी लागावी म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी त्याच निवेदनात सुचवले. सक्ती आणि मदत या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढच्या काळात पहिली गोष्ट कायद्यांत आली आणि दुसरी बरीच मागे राहिली.

इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने शाळा उभ्या राहू लागल्या आणि १८८० च्या कायद्याने हजेरी सक्तीची झाली. मुले कुठे आहेत हे शोधत घरोघर फिरणारे हजेरी अधिकारी नेमले गेले. न पाठवणाऱ्या पालकांना न्यायालयात उभे केले जाई. तरीही सुगीच्या दिवसांत खेड्यांतले वर्ग रिकामे पडत. कापडगिरण्यांत अर्धा दिवस काम व अर्धा दिवस शाळा अशी पद्धत होती. ती बंद करण्याचा कायदा व्हायला १९१८ साल उजाडले.

आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. नागपूर-कामठीचा प्रदेश तेव्हा मध्य प्रांतात होता. तेथे १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना आपापल्या हद्दीत सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला.

या कायद्यांनी एक मोठे काम केले. शाळेत जाणे ही आईबापांच्या मर्जीची नव्हे तर समाजाच्या कर्तव्याची बाब आहे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. मात्र दंडाच्या मागे एक गृहीतक होते. पालक बेफिकीर आहे, त्याला झळ बसली की तो मूल पाठवील. हे गृहीतक कितपत खरे होते?

१९२९ च्या हार्टोग समितीने एक हिशोब मांडला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोचलेली मुले होती फक्त १८. बाकीची काही मागे रेंगाळली, बरीचशी शाळा सोडून गेली. 'गळती' आणि 'स्थगिती' हे शब्द शिक्षणाच्या चर्चेत रुळले ते तेव्हापासून. शंभरातली ऐंशीहून अधिक मुले उनाड आणि त्यांचे पालक बेफिकीर असे म्हणायचे असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

विडीच्या सुपापाशी

ते शोधायला कामठीला जाऊ. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली आणि छावणीच्या आसऱ्याने बाजार वाढला. पुढे येथील गरीब वस्त्यांचा मोठा आधार ठरला तो हातमाग आणि विडी यांचा. विदर्भाच्या जंगलात तेंदूची झाडे विपुल. उन्हाळ्यात पाने तोडून, वाळवून, त्यांचे पुडे बांधले जातात. विडी वळणारी बाई पाने भिजवते, ओल्या गोणपाटात गुंडाळून नरम करते, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने चौकोनी तुकडे कापते. त्यात तंबाखू घालून पान वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा आणि पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करायच्या. मांडीवरच्या सुपात हे सारे चालते.

या कामाची मजुरी तासावर नसते, हजार विड्यांमागे असते. सारे गणित येथे आहे. समजा, एकट्या आईच्या दिवसभरात सातशे विड्या होतात. शेजारी बसून मुलीने तोंडे दुमडली आणि दोरे बांधले तर त्याच वेळात हजार होतात. म्हणजे मुलगी घरी राहण्याची किंमत तीनशे विड्यांची मजुरी इतकी झाली. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण पद्धत हीच. मजुरीचा दर जितका कमी, ठेकेदार 'खराब' म्हणून विड्या जितक्या जास्त छाटणार, तितके घरातले अधिक हात सुपाला लागणार. लहान मुलांची बोटे बारीक व चपळ, त्यामुळे दुमडण्याचे काम त्यांच्याकडे येणार.

आणखी एक गोष्ट पाहा. ठेकेदाराच्या वहीत नाव आईचे असते. मुलीचे नाव तेथे कोठेच नसते. शाळेच्या वहीत ती गैरहजर आणि कामाच्या वहीत ती नाहीच! दोन्ही वह्या आपापल्या परीने बिनचूक असतात, पण एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय त्यांतले खरे वाचता येत नाही.

रात्रीची शाळा

या दोन्ही वह्या एकत्र वाचणारा माणूस कामठीतच जन्मला होता. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजे बाबू हरदास एल. एन., यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ चा. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे कार्यकर्ते म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. पण शिक्षकांनी त्यांच्या कामाची आणखी एक बाजू पाहिली पाहिजे. वडील रेल्वेत कारकून, स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यांच्या वस्तीतले बहुतेक लोक मात्र विडीवर आणि मोलमजुरीवर जगणारे. १९२७ च्या सुमारास त्यांनी कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. या शाळांत एका वेळी ८६ मुले आणि २२ मुली शिकत होत्या असे नमूद आहे. त्याच सुमारास संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालयही निघाले.

८६ आणि २२ मिळून १०८. दिवसाच्या शाळेच्या दृष्टीने अशी मुले एकतर गैरहजर असतात किंवा पटावरच नसतात. तीच मुले सूप बाजूला ठेवून रात्री कंदिलापाशी पाटी घेऊन बसत होती. मग 'यांना शिक्षणाची आवडच नाही' या निदानाचे काय करायचे? येथे मुलांना कोणी उचलून आणले नव्हते आणि कोणाला दंडही केला नव्हता. शाळेने आपली वेळ बदलली होती, एवढेच.

पण रात्रशाळेचे गुणगान करून थांबणे बरोबर होणार नाही. दिवसभर काम केलेल्या मुलाच्या डोळ्यांवर रात्री झोप असते आणि रात्रशाळा त्याचे काम कमी करत नाही. हरदासांना हे कळत होते असे त्यांच्या इतर कामावरून दिसते. विडी मजुरांचा संघ त्यांनी १९२५ मध्येच उभा केला होता. ठेकेदार मधून काढून सहकारी पद्धतीने विडीचे काम करण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. शिक्षण आणि मजुरी या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, ही जाण या कामांत आहे. १९३७ मध्ये ते नागपूर-कामठीतून प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना पस्तीस वर्षे नुकतीच पुरी झाली होती.

उंबऱ्यापाशी थांबलेला कायदा

मुलांच्या मजुरीकडे सरकारचे लक्ष वेधले ते व्हिटली आयोगाने. १९३१ च्या अहवालात त्याने लिहिले, की कारखाना कायद्याबाहेर राहिलेल्या विडीसारख्या धंद्यांत काही ठिकाणी पाच वर्षांची मुलेही दिवसाला दहा-बारा तास काम करताना आढळतात. १९३७ मध्ये मध्य प्रांताने विडी, लाख व कातडी कमावणे या धंद्यांच्या अशा कामाच्या जागांसाठी स्वतंत्र कायदा केला. १९३८ च्या मुलांच्या नोकरीविषयीच्या कायद्यात पुढच्याच वर्षी दुरुस्ती होऊन विडीसारख्या धंद्यांच्या कार्यशाळांत बारा वर्षांखालील मुलांना बंदी झाली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ही मर्यादा चौदा वर्षे केली. १९८६ च्या बालमजुरी कायद्यातही विडीचे नाव आले.

या कायद्यांत एक समान धागा दिसतो. बंदी कामाच्या जागेला होती. घरच्या माणसांनी मिळून केलेल्या कामाला १९३८-३९ च्या कायद्यात सूट होती, १९८६ च्या कायद्यातही होती. विडीला यंत्र लागत नाही, सूप कोठेही नेता येते. कारखान्यात नियम आले की पाने आणि तंबाखू घरोघर वाटणे मालकाला सोयीचे ठरते. मूल कारखान्यातून बाहेर पडून आईशेजारी बसते आणि कायदा उंबऱ्यापाशी थांबतो. २०१६ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत बंदी झाली. तेव्हाही शाळेची वेळ सोडून घरच्या, धोकादायक नसलेल्या कामात मदत करण्याची मुभा राहिलीच.

एका रुपयाची गोष्ट

दंडाने भागत नाही हे कळल्यावर उलटा विचार सुरू झाला. महाराष्ट्रात १९९२ पासून पहिली ते चौथीतल्या मागास व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया भत्ता देण्याची योजना आली. १९१७ मध्ये कोल्हापुरात गैरहजेरीबद्दल महिना एक रुपया पालकाकडून घेतला जाणार होता. पंचाहत्तर वर्षांनी हजेरीबद्दल दिवसाला एक रुपया सरकार देऊ लागले. रुपयाची किंमत मधल्या काळात किती उतरली हे सोडून दिले, तरी तो फिरलेल्या दिशेने बरेच सांगून जातो. मुलाच्या वेळेला किंमत आहे आणि ती गरीब घर भरत असते, हे सरकारने प्रथमच मान्य केले.

१९९५ मध्ये मध्यान्ह भोजनाची योजना आली. बऱ्याच राज्यांत सुरुवातीला महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायला मिळे, पण ८० टक्के हजेरीची अट होती. म्हणजे ज्या घरातले मूल कामामुळे वरचेवर बुडत असे, नेमके तेच घर अटीत अडकणार. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्यानंतर हजेरीचा हिशोब महिन्याऐवजी रोजच्या ताटाशी जोडला गेला. आज आलास तर आज जेवशील, ही गोष्ट मुलालाही समजते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने 'सक्ती' या शब्दाचाच अर्थ बदलला. कायद्यातील स्पष्टीकरणानुसार सक्ती शासनावर आहे : प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे यांची खात्री शासनाने करायची. पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्याला दंड नाही. मुलाला मारणे व त्याचा मानसिक छळ करणे यांना बंदी आहे. पंतोजींच्या उचलबांगडीपासून आपण येथवर आलो.

वही पुन्हा उघडताना

कायदा बदलला तरी हजेरीची वही तीच राहिली आहे. तिच्यात कारणाचा रकाना नाही. तो शिक्षकाला स्वतः आखता येईल. आपल्या वर्गाची गेल्या तीन-चार महिन्यांची गैरहजेरी आलेख कागदावर मांडून पाहा. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर न आलेली मुले. एखाद्याच मुलाची गैरहजेरी इकडेतिकडे विखुरलेली दिसली, तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करावी. वर्गात त्याला कशाची भीती वाटते का, हेही पाहावे. आठवडी बाजाराच्या दिवशी दर वेळी आलेख चढत असेल, कापूस वेचणीच्या दिवसांत ठरावीक वस्तीतली मुले दिसेनाशी होत असतील, किंवा मुलींचीच रेघ मुलांपेक्षा वर राहत असेल, तर कारण त्या मुलांच्या स्वभावात नाही हे कागदच सांगेल. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून हा आलेख काढून घेतला, तर गणिताच्या तासाला याहून चांगला विषय मिळणार नाही. मात्र आलेखात मुलांची नावे नकोत, फक्त आकडे असावेत.

आलेख पुरा झाला की त्यातल्या सर्वांत उंच दिवसाखाली त्या दिवशी गावात काय होते ते लिहा. ज्या मुलाला आपण 'दांडीबहाद्दर' म्हणत होतो, तो त्या दिवशी नेमका कोठे होता हे विचारायला मग त्याच्या घरी जाणे सोपे होईल.