कॅलिफोर्नियाचे कायरोप्रॅक्टिक परीक्षक मंडळ

पाठीचा कणा व सांधे हाताने दाबून, वळवून उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांना अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात परवाने देणारी आणि त्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवणारी शासकीय संस्था. अमेरिकेत हे काम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते. पहिला कायदा कॅन्ससने १९१३ मध्ये केला, शेवटचा लुइझियानाने १९७४ मध्ये.

कॅलिफोर्नियात कायद्याआधी विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल कायरोप्रॅक्टरांवर खटले भरले जात. दंड न भरता अनेकांनी तुरुंग पत्करला. नोव्हेंबर १९२२ मध्ये मतदारांनीच थेट मतदानाने कायदा संमत केला आणि मंडळ अस्तित्वात आले. मतदारांचा कायदा असल्याने विधिमंडळाला त्यात परस्पर फेरबदल करता येत नाही. दुरुस्तीही मतदारांपुढेच न्यावी लागते.

मंडळात सात सदस्य असतात : पाच परवानाधारक कायरोप्रॅक्टर व त्या व्यवसायाबाहेरचे दोन सामान्य नागरिक. त्यांची नेमणूक गव्हर्नर चार वर्षांसाठी करतो. मूळ मंडळ पाच जणांचे होते. नागरिकांच्या जागा नंतर आल्या. व्यावसायिक सदस्याला राज्यात किमान पाच वर्षे परवाना असावा लागतो. यापुढच्या अटी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. एकाच महाविद्यालयाची पहिली पदविका घेतलेले दोनांहून अधिक सदस्य एका वेळी नसावेत, एकाच परगण्यातले दोनांहून अधिक नसावेत आणि कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयाशी संबंध असलेल्या व्यक्तीला तर मंडळात प्रवेशच नाही. या व्यवसायात उपचारपद्धतीवरून महाविद्यालयांचे तट फार जुने आहेत. परवान्याची किल्ली एका तटाच्या हाती जाऊ नये, ही काळजी या अटींत स्पष्ट दिसते आणि ती रास्तच आहे.

रुग्णाच्या बाजूने पाहता मात्र पाच विरुद्ध दोन हे प्रमाण तोकडेच वाटते. नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्य मंडळाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिला, की व्यवसायात असलेल्यांचेच वर्चस्व असलेल्या मंडळाला राज्याच्या सक्रिय देखरेखीशिवाय मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळणार नाही. तो निकाल अशा सर्वच मंडळांच्या रचनेला लागू पडतो. कॅलिफोर्नियाचे मंडळ २०१३ पासून राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या छत्राखाली आहे.

बैठका जनतेला खुल्या असतात. विषयपत्रिका किमान दहा दिवस आधी जाहीर करावी लागते. परवाना रद्द करण्याचे प्रकरण लढवले गेले, तर सुनावणी स्वतंत्र प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते. न्यायाधीश निर्णयाचा मसुदा पाठवतो. तो स्वीकारायचा की नाही, हे सदस्य मतदानाने ठरवतात.